त्यांच्या परीक्षेला मी बसले

माझे पती बिबवेवाडीत घरं विकायचे, भाड्याने द्यायचे. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा गाळा होता. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "घरात म्हातारं माणूस कोण आहे?" असेल, तर लिफ्ट नसलेल्या इमारतीचं ते नावसुद्धा काढत नसत.

मग नियम आला. एजंटांनी प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र मिळालं तरच नोंदणी पुढे चालू राहणार. हे भडकले. "अर्धी बिबवेवाडी मी वसवलीय. आता मला कोण तपासणार?" पण धंदा बंद ठेवून भागणार नव्हतं. मी शाळेच्या कार्यालयातून नुकतीच निवृत्त झाले होते, त्यामुळे त्यांचा अभ्यास घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

सकाळी नाश्ता झाला की मी पुस्तक उघडायची.

"चटई क्षेत्र म्हणजे काय?"

"भिंतींच्या आत जेवढ्या फरशीवर चालता येतं तेवढं. कार्पेट म्हण की सरळ!"

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारला तर माझ्याकडे बघतच राहिले. "हे काल नव्हतं," म्हणाले. मी पान दाखवलं, तर चिडून उठून गेले. मला वाटलं, वय झालंय, त्यात परीक्षेची धास्ती.

एका दुपारी त्यांच्या मोबाइलवरून कुणा परक्या बाईंचा फोन आला. "काका आम्हाला फ्लॅट दाखवायला आलेत, पण त्यांना बरं वाटत नाहीये बहुतेक." मी रिक्षाने गेले. त्या इमारतीतले निम्मे फ्लॅट यांनीच विकले होते. हे पार्किंगमधल्या कट्ट्यावर किल्ली हातात घट्ट धरून बसले होते. ते तरुण जोडपं बिचारं पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभं.

"अगं, यांनी जिना कुठे हलवलाय बघ," हे मला म्हणाले.

जिना समोरच होता.

तपासण्या झाल्या. हा विसराळूपणा वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "म्हणजे परीक्षा टळली की!" आणि हसले. मला हसता येईना. रिक्षात बसलो. मग म्हणाले, "तू बस परीक्षेला. माझ्यापायी तुझं सगळं पाठ झालंय."

मी माझ्या नावाने अर्ज भरला. आता पुस्तक त्यांच्या हातात आणि उत्तरं माझी. एक प्रश्न विचारून झाला की थोड्या वेळाने पुन्हा तोच. मी दर वेळी नव्याने उत्तर द्यायची. "शाब्बास," ते म्हणायचे, तेही दर वेळी नव्याने.

परीक्षा कर्वेनगरला होती. नणंद त्यांच्याजवळ थांबली. काही दिवसांनी निकाल लागला, मी पास झाले. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा इतका उजळला की काय सांगू! चप्पल घालून खाली गेले आणि वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, भेटेल त्याला सांगत सुटले, "मी पास झालो!" संध्याकाळी शेजारी त्यांच्यासाठी पेढे घेऊन आले. शेजारच्या वहिनींना खरं काय ते ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी नजरेनेच नको म्हटलं. मग त्यांनी पेढा यांच्या हातावर ठेवला. "अभिनंदन हं, भावजी."

गाळ्यात माझ्या नावाचं प्रमाणपत्र लावलं. ते वाचून हे गिऱ्हाइकांना सांगायचे, "बायकोचं नाव लावलंय. लक्ष्मी असते ना!" काही महिने असे माझ्या शेजारी येऊन बसले. पुढे जिना उतरायचीच भीती वाटायला लागली, मग येणं थांबलं.

आता गाळा मी चालवते, त्यांच्याजवळ नणंद असते. दुपारी कुलूप लावून वर येते, कारण नणंदेच्या हातून ते जेवत नाहीत. काल एका कुटुंबाचा व्यवहार ठरला. मी हात धुतले, वरणभात कालवला आणि त्यांना सांगितलं, "अहो, तो कोपऱ्यावरचा फ्लॅट गेला बरं का." कोणाला दिला, घरात म्हातारं कोण आहे, असं काहीतरी विचारतील म्हणून घास हातात धरून थोडी थांबले.

त्यांनी तोंड उघडलं. मी घास भरवला.