एका गाडीएवढी जागा

अन्सेल्मो इरियार्तेला मी आयुष्यात चार वेळा नापास केलंय. तीन वेळा नगरपालिकेच्या मैदानात, तो अठरा वर्षांचा असताना, आणि चौथ्यांदा त्याच्याच गॅरेजात, तो एकसष्ट वर्षांचा झाल्यावर. मी नोएमी. आमच्या रोहास गावात कुणाला गाडीचा परवाना द्यायचा आणि कुणाला नाही, हे चौतीस वर्षं मी ठरवत होते. निम्मं गाव अजून मला बघून रस्ता बदलतं. बदलू दे.

अन्सेल्मो माझा शेजारी. लोकांच्या गाड्यांचे पोचे काढणं हा त्याचा धंदा. पत्र्यावरून बोटं फिरवून डोळे मिटून सांगेल, इथे कधीतरी धडक बसली होती म्हणून. माणूस गरीब गाय. पण फोर्डचं नाव निघालं की अंगात यायचं त्याच्या. आमच्याकडे माणूस जन्माला येतो तोच मुळी फोर्डचा नाहीतर शेवरोलेचा. शर्यतीच्या दिवशी मैदानावर दोघांच्या चुली वेगळ्या, झेंडे वेगळे, शिव्यासुद्धा वेगळ्या. अन्सेल्मोच्या आज्याच्या शवपेटीत फोर्डचा झेंडा ठेवला होता आणि पाद्रीबाबांनी तिकडे डोळेझाक केली होती.

त्याला एकच लेक, ब्रेन्दा. बापाच्या गॅरेजातच पाना धरायला शिकली आणि मोठी होऊन राफाएला शहरात एका शर्यतीच्या संघात मेकॅनिक म्हणून लागली. संघ शेवरोलेचा. दीड वर्ष तिने हे फक्त आईला सांगितलं. मग एका रविवारी जेवायला आली ती थेट संघाचं जॅकेट घालून. अन्सेल्मो अंगणात अंगारावर मांस भाजत होता. चिमटा तसाच हातात धरून म्हणाला, "ते जॅकेट या घरात येणार नाही."

"मग मीही येणार नाही," ती म्हणाली, आणि आली तशी गेली. मी कुंपणापलीकडून सगळं ऐकलं. ऐकलं म्हणजे काय, आमच्यातलं कुंपण म्हणजे जाईच्या चार वेली.

तीन वर्षं बापलेक बोलले नाहीत. रविवारी नेली, म्हणजे त्याची बायको, लेकीला फोन लावायची आणि हा उठून अंगणात जायचा. तिथे धड कामही नसायचं. नुसता विस्तव नसलेल्या चुलीतली राख सारखी करायचा.

यंदा मे महिन्यात नेली त्याला जेवताना म्हणाली, "ब्रेन्दा स्पेनला निघालीय. नोकरी लागली तिकडे. सव्वीस ऑगस्टचं विमान आहे." मग तिनेच पुढे सांगितलं की पोरगी दर रविवारी चार वाजता संगणकावर तो गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळते, ठिकठिकाणच्या खऱ्या माणसांशी, ब परवानावाल्यांच्या गटात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा माझ्या दारात. टोपी हातात.

"बाई, तो खेळ तुमच्याकडे आहे ना? मला शिकवा."

आहे माझ्याकडे. गुडघे गेल्यापासून खरी गाडी सुटली, म्हणून हा लागला. त्या खेळातही परवाने असतात, आधी शिकाऊ, मग ड, क, ब आणि सगळ्यात वर अ; माझ्याकडे अ आहे, चार वर्षं. हे मुद्दाम सांगतेय, कारण गावाला वाटतं म्हातारी घरात बसून विणकाम करते.

"तुला कशाला पाहिजे?"

"ब परवाना काढायचाय. ऑगस्टच्या आत."

"अरे गाढवा, फोन लाव की तिला! फोनला परवाना लागत नाही."

"फोनवर काय बोलू, बाई?" तो टोपीकडे बघत म्हणाला. "मी तोंड उघडलं की काय होतं ते तुम्ही ऐकलंयत. इथे निदान गाडी चालवेन. तिच्या मागे मागे."

मी चल म्हटलं.

गॅरेजात त्याने एका मोडीत निघालेल्या फोर्डची सीट फळीला ठोकली, पुढे टेबलाला स्टिअरिंग आवळलं, पॅडल घसरू नयेत म्हणून भिंतीला टेकवली. काम झकास. आणि मग खेळायला बसला तो पहिल्याच वळणावर चार गाड्यांना घेऊन कठड्यात. हा खेळ लाड करणारा नाही. टायर थंड असले तर गाडी घसरते, दुसऱ्याला धडकलात तर परवाना खाली जातो. अन्सेल्मो दोन आठवड्यांत शिकाऊच्याही तळाला गेला. जन्मभर लोकांचे पोचे काढणारा माणूस, आणि इथे दिसेल त्याला पोचे पाडत सुटला होता.

"नापास," मी म्हटलं. "अठराव्या वर्षीही ब्रेक उशिरा, आजही ब्रेक उशिरा. जित्याची खोड."

"पण बाई, पुढे जायचं तर उशिराच लावायला नको का?"

"तुला पुढे कुणी जायला सांगितलंय? आधी शेवटापर्यंत पोच."

मग मी त्याला नीट धरलं. रोज एक गाडी, रोज एक मैदान, ही चैन बंद. एकच गाडी, एकच मैदान, महिनाभर. वेळेच्या आकड्यावर मी चिकटपट्टी लावली. दहा फेऱ्या कुठेही न घासता झाल्या की चिकटपट्टी निघेल, नाहीतर नाही. ब्रेक लावायचा तो गाडी सरळ असताना, आधी जोरात, मग वळणात शिरता शिरता पाय हळूहळू उचलायचा. कुठे लावायचा त्याची खूण ठरवायची, झाड म्हण, पाटी म्हण, आणि रोज त्याच खुणेला लावायचा. नजर पुढच्या गाडीच्या ढुंगणाला चिकटवायची नाही, वळण जिथे संपतं तिथे ठेवायची.

तो ऐकायचा, मान डोलवायचा आणि पाठ वळली की सस्पेन्शन खोलून बसायचा. मेकॅनिक ना! गाडी घसरली की दोष स्प्रिंगचा, टायरच्या हवेचा, स्वतःचा कधीच नाही.

"पाच फेऱ्या एकसारख्या काढ," मी ओरडले, "अर्ध्या सेकंदाचाही फरक नको. मग स्प्रिंगला हात लाव. नाचता येईना अंगण वाकडं!"

त्यात नेलीचे लाड. सवयीप्रमाणे ती माते, म्हणजे आमचा कडू चहा, तुंब्यात भरून आणायची आणि हा सरळ पट्ट्यावर एक हात सोडून नळी तोंडात घ्यायचा. एकदा गरम घोट मांडीवर सांडला आणि गाडी गेली शेतात.

"म्हातारबा, खेळात तरी दोन्ही हात चाकावर ठेव," नेली म्हणाली. "तुझ्या पोरीला तूच शिकवलंस ना हे?"

त्याने तुंबा खाली ठेवला आणि पुन्हा शर्यत संपेपर्यंत उचलला नाही. पोरीचं नाव त्या गॅरेजात तेव्हा पहिल्यांदा निघालं होतं.

जुलैच्या मध्यापर्यंत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, तो ड वर पोचला आणि तिथेच अडकला. आता धडका कमी होत्या, पण ज्या व्हायच्या त्यात याचं म्हणणं एकच, "मी काय करू? तोच आडवा आला." मला त्या म्हणण्याची चीड यायची. शेवटी एक दिवस मी त्याला उठू दिलं नाही. शर्यत संपली की ती सगळी पुन्हा बघता येते, आणि हव्या त्या गाडीत बसून बघता येते. मी त्याला बसवलं ज्याला त्याने ठोकलं होतं त्याच्या गाडीत.

बिचारा कुणी माणूस नीट आपल्या ओळीत वळत होता. आरशात एक निळी गाडी मोठी होत आली, मोठी होत आली, थांबलीच नाही.

"हा वेडा कोण?" अन्सेल्मो म्हणाला. मग गाडीवरचा आकडा वाचला. तो त्याचाच होता.

"पुन्हा लावा," तो म्हणाला.

मी पुन्हा लावलं. त्याने ते सात वेळा बघितलं. मी मोजलं, कारण दुसरं काही करायला नव्हतं.

"त्याला जागाच नव्हती, बाई. एका गाडीएवढी जागा ठेवली असती तर दोघंही गेलो असतो."

"हो."

"तिलाही नव्हती ठेवली," तो म्हणाला, आणि फडकं घेऊन उगीच स्टिअरिंग पुसत बसला. मी घरी जाऊन नाक शिंकरलं.

त्यानंतर तो बदलला. मुद्दाम सगळ्यांच्या मागून सुरुवात करायचा. पहिल्या वळणावर उतावळ्यांची जी खिचडी व्हायची ती मागून शांतपणे बघायचा आणि तिच्यातून वाट काढून जायचा. पहिल्या दोन फेऱ्या टायर तापेपर्यंत जपून. कुणी शेजारी आलं की एका गाडीएवढी जागा सोडून द्यायचा, मग तो बरोबर असो की चूक. पंधरावा यायचा, बारावा यायचा, एकदा तर नववा. आणि परवाना वर चढत गेला, ड चा क. क चा ब झाला तो बावीस ऑगस्टला, शनिवारी संध्याकाळी. नेलीने मला मिठी मारली, मला ते आवडत नाही, पण मारू दिली.

रविवार शेवटचा होता. बुधवारी विमान. आम्ही तिघं चारच्या शर्यतीत नाव घालायला बसलो आणि बघतो तर काय, चार कंपन्यांना सहा-सहा जागा, आणि फोर्डच्या सहाही गुरुवारीच भरलेल्या. बाकी दोन कंपन्यांच्याही भरलेल्या. उरली होती एकच जागा. शेवरोलेची.

मी नेलीकडे बघितलं, नेली माझ्याकडे. अन्सेल्मो फोर्डच्या त्या जुन्या सीटवर बसून पडद्याकडे बघत होता. मला वाटलं, संपलं. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. शेवरोलेचा पोचा काढायचं काम आलं की हाच माणूस ते दुसऱ्या गल्लीत पाठवायचा.

"आज्याला कळलं तर तो थडग्यातून उठून येईल," तो म्हणाला.

"येऊ दे," नेली म्हणाली. "त्यालाही जेवायला वाढेन."

अन्सेल्मोने बटण दाबलं. यादीत नाव आलं: ए. इरियार्ते, शेवरोले.

शर्यतीआधी दहा मिनिटं सरावाची असतात, तेव्हा चालक एकमेकांशी बोलू शकतात. त्याने कानाला हेडफोन लावला, पण आवाज आम्हालाही ऐकू यावा म्हणून मी स्पीकरही चालू केला होता. लगेच एका बाईचा आवाज आला, तापलेला.

"कोण आहे रे हा? माझ्या बापाचं नाव लावून शेवरोलेत कोण बसलंय? अशा थट्टेची लाज वाटत नाही?"

अन्सेल्मोचं तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्याच्या बरगडीत कोपर मारलं, चांगलं जोरात.

"मीच आहे गं," तो म्हणाला.

पलीकडे खुर्ची करकरली. मला वाटलं, गेली.

"बाबा? शेवरोलेत?"

"फोर्डच्या जागा भरल्या होत्या."

तेवढ्यात सुरुवातीची घंटा झाली आणि बोलणं बंद झालं. शर्यतीत बोलायची मुभा नसते.

वीस फेऱ्यांची शर्यत होती. अन्सेल्मो सगळ्यांच्या मागून निघाला, ठरल्याप्रमाणे. ब्रेन्दा चौथी होती आणि छान चालली होती, पण बाराव्या फेरीला कुणीतरी तिला मागून ढकललं, ती गवतात फिरली आणि परत रस्त्यावर आली तेव्हा अन्सेल्मोच्याही मागे होती. पोरगी बापाच्या वळणावर गेलेली. चवताळली. दोन फेऱ्यांत त्याच्या मागे येऊन चिकटली आणि पाणवठ्याच्या वळणावर आतून घुसली, उशिरा ब्रेक मारून. चूक तिची होती, मी परीक्षक म्हणून सांगते. त्याने आपली ओळ धरली असती तर नियम त्याच्या बाजूने होता आणि दोघंही कठड्यात गेली असती.

त्याने पाय उचलला. चाक थोडं बाहेर वळवलं. एका गाडीएवढी जागा सोडली. ती आत, हा बाहेर, दोघं शेजारी शेजारी त्या लांब वळणातून गेली, दारं एकमेकांना लागतील की काय इतकी जवळ, आणि घासली नाहीत. नेलीने माझा हात धरला होता तो मोडेल असं वाटलं. सरळ पट्ट्यावर ब्रेन्दा पुढे निघून गेली. अन्सेल्मो हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात चाकावर, त्यामुळे पुसताही येईना.

ती सहावी आली, हा चौदावा. रेषा ओलांडल्यावर बोलणं पुन्हा सुरू झालं.

"जागा ठेवलीस, बाबा."

"हो."

"मी उशिरा ब्रेक लावला होता."

"बघितलं मी. माझ्यावर गेलीयेस."

ती हसली. "उद्या सकाळी निघून तिकडे येऊ का? मंगळवारी तिथूनच विमानाला जाईन." आणि आवाज बारीक करून म्हणाली, "पण माझ्याकडे उबदार म्हणावं असं तेच एक जॅकेट आहे."

नेलीने तोंडावर हात दाबला. मी अन्सेल्मोकडे बघत होते.

"तेच घालून ये," तो म्हणाला. "इकडे फार थंडी आहे. आणि सकाळी रस्त्यावर दंव असतं, ब्रेन्दा. ब्रेक लवकर लाव."