बाबागाडीतला वरवंटा

हे मी आजवर कुणालाही पूर्ण सांगितलेलं नाही. अर्धं माझ्या सासूबाईंना माहीत आहे. उरलेलं अर्धं फक्त मला. आणि ज्या माणसाला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्याला मी गेली काही वर्षं रोज हसून नमस्कार करते.

पण आधी जिंकल्याची गोष्ट. कारण आम्ही जिंकलो — हे खरं आहे, आणि ते सांगताना आजही माझा आवाज चढतो.

भाईंदर पूर्वेला, गोडदेवात आमची इमारत. पावसाळ्यात गल्लीत पाणी भरतं म्हणून बिल्डरने लिफ्टची लॉबी उंचावर बांधलेली. गेटमधून आलं की पाच पायऱ्या, मग लिफ्ट. म्हणजे लिफ्टपर्यंत पोचायला आधी चढायचं! लग्न होऊन आले तेव्हा त्या पायऱ्या मला दिसल्याच नव्हत्या. पाय धडधाकट असले की पायऱ्या कुणाला दिसतात? मला त्या दिसल्या बाबागाडी घेतल्यावर.

ती घेतानाच घरात दोन तट पडले. सासूबाई म्हणाल्या, "कडेवर घ्यायला काय झालं? लालबागहून आम्ही इथे राहायला आलो तेव्हा तुझा नवरा माझ्या एका कडेवर होता आणि दुसऱ्या हातात ट्रंक." नवरा, सुहास, एका हाताने मिटणारी, छत्रीएवढी हलकी गाडी बघत होता. मी चाकं बघत होते. दुकानदाराने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, ये मॉल के लिए है, और वो रोड के लिए." मी म्हटलं, रोडवाली दो. आमच्याकडचे पेव्हर ब्लॉक, गटाराची उचकटलेली झाकणं, मध्येच उभ्या रिक्षा — छोटी चाकं तिथे आठवडाभरही टिकली नसती.

रोडवाली गाडी रस्त्यावर खरंच झकास चालली. पण ती होती भरल्या बादलीसारखी जड. सिझेरियनचे टाके ओले, एका कडेवर सोहम, दुसऱ्या हातात गाडी, आणि समोर पाच पायऱ्या. एकदा तिसऱ्या पायरीवर मी अडकले. वर जाता येईना, खाली येता येईना. बाजूने तीन माणसं "सांभाळून हां, वहिनी" म्हणत चढून गेली.

मी रडले नाही. मी पत्रक काढलं.

माझे बाबा युनियनचे. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नंतर आली, पत्रकं आधी. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या घड्या घालता घालता. बाबांचा एकच नियम होता — भाषा कितीही कडक वापरा, पण पत्रकातली प्रत्येक ओळ खरी हवी. समोरचा मोठा असतो, त्याच्याकडे सगळं असतं. आपल्याकडे खरं असणं एवढंच असतं. हे मी ऐकत वाढले. हे मी मानते. मानत होते तेव्हाही.

रॅम्पला विरोध होता सोसायटीच्या सेक्रेटरींचा, पेडणेकर काकांचा. सरकारी नोकरीतून निवृत्त, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ते दुष्ट नव्हते. त्यांना भीती वाटत होती, आणि तीही बाइकची. "मानसी, आज रॅम्प केला की उद्या पोरं बाइक लॉबीत लावतील. परवा लिफ्टमध्ये घालतील. तू लिहून देतेस का घालणार नाहीत म्हणून?" मी लिहून दिलं — लिफ्टशेजारच्या बोर्डावर, मोठ्या अक्षरांत: सेक्रेटरींना बाइकची काळजी आहे, बाळांची नाही. लोकांनी उभं राहून वाचलं. काकांनीही वाचलं. खिशातलं पेन काढून त्यांनी माझी एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक तेवढी दुरुस्त केली आणि गेले. मला केवढा राग आला होता!

मग मी जाहीर केलं — रविवारी सकाळी आम्ही आया बाबागाड्या घेऊन या पायऱ्या चढणार. सगळ्यांनी येऊन बघा.

रविवारी सकाळी सोहम तापाने फणफणला. आदल्या दिवशी लस दिली होती, तेवढाच ताप. पण त्याला खाली नेणं शक्य नव्हतं. सुहास ड्यूटीवर होता. खाली लोक जमायला लागले होते, सतरंजीवर माईक ठेवलेला दिसत होता. मी खाली जाऊन सांगू शकले असते ना — बाळाला ताप आहे, तरी पायऱ्या त्याच आहेत? सांगू शकले असते. पण बाळाशिवाय कोण ऐकणार, असं मला वाटलं. मी रिकामी गाडी दाराकडे ढकलली.

"रिकामी गाडी हलवू नये गं," सासूबाई म्हणाल्या. रिकामा पाळणा हलवत नाहीत, तसंच. मी एरवी यावर भांडले असते. सोहमच्या बारशाला भांडलेच होते. आपल्याकडे बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात ठेवतात, बाळ तसं दणकट व्हावं म्हणून. तेव्हा मी म्हटलं होतं, माझ्या मुलाच्या जागी दगड कशाला? त्या रविवारी मीच ओट्याखालून वरवंटा काढला. दुपट्यात गुंडाळला, टोपडं घातलं, पट्टा आवळला, वरून मच्छरदाणी ओढली. गाडीला बाळाचं वजन आलं.

सासूबाईंनी बघितलं. त्या म्हणाल्या, "हे बरं नाही हो." आणि सोहमच्या कपाळावरची पट्टी बदलायला आत गेल्या.

यानंतर काय झालं ते आमच्या इमारतीत सगळ्यांना पाठ आहे. मी गाडी मागे मागे ओढत पायऱ्या चढले. वरच्या पायरीवर पोचले आणि माझा हात सुटला. गाडी पायऱ्यांवरून खाली निघाली. खाली, मीटरबॉक्सपाशी हाताची घडी घालून उभे असलेले पेडणेकर काका — साठी उलटलेला माणूस — एकदम धावले आणि त्यांनी अंग झोकून गाडी छातीवर घेतली. त्यांचा गुडघा पायरीच्या कडेवर आपटला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. गाडी उलटली नाही.

मी धावत खाली आले. मच्छरदाणीवर हात ठेवला. मी म्हणाले, "बाळ ठीक आहे. झोपलंय." शेजारच्या मंजुलाबेन छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "जुओ तो, रड्यो पण नथी!" आणि काका खाली बसलेले, गुडघा दोन्ही हातांनी धरून, चेहरा पांढराफटक, मला विचारत होते, "लागलं नाही ना गं त्याला?"

तेव्हा सांगायचं होतं. तिथेच. नाही सांगितलं. दगड घेऊन लिफ्टने वर गेले.

रात्री सुहासने विचारलं, तापातल्या पोराला खाली नेलंस? मी म्हटलं, ताप उतरला होता. सासूबाई पोळ्या करत होत्या. लाटणं क्षणभर थांबलं, मग पुन्हा फिरायला लागलं.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर माझं नवं पत्रक होतं. मथळा होता — एका आईचा हात सुटला. माझ्या आजवरच्या लिखाणातलं सगळ्यात गाजलेलं तेच.

सोसायटीच्या सभेला काका गुडघ्याला पट्टा बांधून आले. उभे राहायला त्यांना खुर्चीचा आधार लागला. म्हणाले, "ठराव मी मांडतो. पोरगं हातात आलं म्हणून ठीक. नसतं आलं तर मी तोंड कुठे दाखवलं असतं?" एकही हात खाली राहिला नाही. रॅम्प झाला!

आणि काय झाला म्हणून सांगू! गेटपासून लॉबीपर्यंत मस्त लांब उतार, बाजूला स्टीलचा कठडा. पहिल्या दिवशी सोहमला — खऱ्या सोहमला — गाडीत बसवून मी वर गेले आणि अख्खी इमारत टाळ्या वाजवत होती. मला लाज वाटली का? नाही. मला उडी मारावीशी वाटली. त्या रॅम्पवरून तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने व्हीलचेअरवरून भाजीला गेल्या. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर न घेता हातगाडीवरून आणायला लागला. सोसायटीचा गणपती त्याच वाटेने चढला. बाइक? एकही चढली नाही. मग शेजारच्या इमारतीतल्या बाया आल्या, मग पलीकडच्या. आज आमच्या गल्लीत तुम्ही बाबागाडी घेऊन आलात तर बहुतेक दारांतून तुम्हाला सरळ आत जाता येईल. ही लढाई मी लढले. पुन्हा लढेन.

पण त्या प्रत्येक इमारतीत माझं तेच पत्रक वाटलं गेलं.

आणि काका? काका बदलले. सोहमच्या प्रत्येक वाढदिवसाला खेळणं घेऊन येतात. दूधवाल्याला, वाण्याला, नव्या भाडेकरूला सांगतात, "याला मी झेललाय." सोहम विचारतो, "जोरात झेललं होतं?" तर म्हणतात, "अरे, बॅट्समन आऊटच!" ते आले की सासूबाई स्वयंपाकघरात जातात आणि ते जाईपर्यंत बाहेर येत नाहीत. एकदा त्या मला म्हणाल्या, "सांगून टाक गं त्यांना." मी म्हटलं, "आई, त्यांचा केवढा अभिमान आहे तो. कशाला काढून घ्यायचा?" किती छान वाटतं ना ऐकायला? किती दयाळू? वर्षानुवर्षं मी या वाक्याच्या आड बसले.

काकांचा गुडघा धड झालाच नाही. आता ते काठी घेऊन चालतात. आमच्या रॅम्पवरून सगळ्यात हळू चढणारं माणूस तेच आहेत.

गेल्या आठवड्यात मी आणि ते असे बरोबर चढत होतो. सोहम शाळेतून आलेला, दप्तर माझ्या खांद्यावर टाकून रॅम्पवरून वर-खाली धावत होता. काका कठड्याला टेकून त्याच्याकडे बघत राहिले. मग सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "मला अजून स्वप्न पडतं गं. गाडी येतेय, मी धावतोय, आणि मी पोचत नाही. दचकून उठतो. ही बिचारी उठून पाणी देते."

मी विचारलं, "रोज?"

"रोज नाही," ते म्हणाले. "पण सोडत नाही."

मी अभिमान वाचवत नव्हते. मी एका म्हाताऱ्या माणसाला इतकी वर्षं त्या पायऱ्यांखाली पळत ठेवलं होतं. ते स्वप्न थांबवू शकेल असं जगात एकच माणूस आहे, आणि ते माणूस त्यांना रोज नमस्कार करत होतं.

म्हणून आता ते दुसरं अर्धं.

मी वरच्या पायरीवर होते. गाडी पायरीच्या कडेला टेकलेली. मी खाली पाहिलं तर कुणीही बघत नव्हतं. दोघं टँकरच्या पाण्यावरून वाद घालत होते, एक जण फोनवर होता, ज्या आया येणार होत्या त्यातल्या दोघीच आल्या होत्या. एवढं करून मी चढूनही गेले होते — म्हणजे पायऱ्या चढता येतात हेच मी सिद्ध केलं होतं. मला वाटलं, हरलो. आणि आत दगडच तर आहे. आत दगड आहे हे मला माहीत होतं. खाली माणसं आहेत हेही मला दिसत होतं.

माझा हात सुटला नाही. मी बोटं उघडली.

हे छापायला देण्याआधी मी काकांच्या घरी जाणार आहे. मग हे आमच्या बोर्डावर लागेल, आणि ज्या ज्या इमारतीत ते पत्रक गेलं तिथेही, माझ्या नावासकट. रॅम्प खरे आहेत. त्यांना माझ्या खोटेपणाची गरज नव्हती, आणि मी उघडी पडल्याने त्यातला एकही मोडणार नाही. माफी मी मागणार नाही. मागितली की ती द्यायचं आणखी एक काम त्यांच्याच गळ्यात पडेल. कारणंही सांगणार नाही. फक्त एवढंच म्हणणार आहे —

काका, गाडीत सोहम नव्हता. वरवंटा होता. आणि गाडी मी मुद्दाम सोडली. तुम्ही पोचला नसतात तरी कुठल्या बाळाला काही झालं नसतं. हे तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्हाला वाटलं बाळ आहे, आणि तुम्हाला बाळांची काळजी नाही असं मी बोर्डावर लिहिल्यानंतरही तुम्ही धावलात.

तुम्ही पोचलात, काका.