लाल रेषेपलीकडे गेलेला काटा

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही. आता ती नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती तोही नाही.

नव्वदच्या दशकात मी गावापासून फार दूर, विमानांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात होतो. मी शिरड शहापूरचा, कामातला माझा जोडीदार आमच्याच भागातला, सेनगावकडच्या गोरेगावजवळच्या तांड्यावरचा. एवढ्या लांब आपल्या बोलीचा तो एकटाच. मला भाऊ म्हणायचा.

वैमानिकांची तक्रार असायची की दांडा पुढे सारला तरी इंजिन उशिरा जोर धरतं. उपाय म्हणजे इंधनाचा स्क्रू थोडा फिरवायचा. जास्त फिरला तर आतली पाती जळतात, म्हणून तापमानाच्या घड्याळावर लाल रेषा असे. स्क्रू फिरवणाऱ्याने घड्याळ वाचायचं नाही, दुसऱ्याने वाचून लिहायचं, असा नियम होता. स्क्रू माझ्याकडे, घड्याळ त्याच्याकडे.

एक इंजिन तीनदा स्क्रू फिरवूनही ठरल्या सेकंदांत जोर धरेना. दिवसभर तेच चाललेलं. वैतागून मी परवानगीपेक्षा पाव फेरा जास्त दिला. इंजिनाने जोर धरला, पण काटा रेषेपलीकडे गेला असं त्याने सांगितलं. क्षणभरच ना, लिहू नको, मी म्हणालो.

"गेला तो गेला, भाऊ," म्हणत त्याने लिहिलं.

चौकशी झाली. त्याला नुकताच चष्मा लागलाय, वाचण्यात चूक झाली असेल, असं मी साहेबांना सांगितलं. माझी नोकरी जुनी, माझं ऐकलं गेलं. त्याला भांडारात बसवलं. निवृत्त होईपर्यंत तो तिथेच पेट्या मोजत राहिला. पुढे ते इंजिन उघडलं तेव्हा पात्यांच्या कडा जळालेल्या निघाल्या. कुणी दगावलं नाही. मला कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

निवृत्तीनंतर माफी मागायचीच म्हणून एकदा गोरेगावला गेलो. तो जीपच्या थांब्यावरच भेटला. चहा पाजला, सोयाबीनचं बोलला, लेकरांचं विचारलं. मीही पिकापाण्याचंच बोलत राहिलो. तेवढ्यात लांबून एक जीप येताना दिसली. मला पाटी वाचता येईना.

"सेनगावची हाय, बसा," तो म्हणाला. चष्मा त्याच्या खिशातच होता. "माझे डोळे अजून बराबर हायेत, भाऊ."

मी जीपमध्ये बसलो.

गेल्या उन्हाळ्यात तो वारला. त्या दिवशी थांब्यावर एवढंच म्हणायचं होतं: तुला बराबर दिसलं होतं, खोटं मी बोललो, मला माफ कर.