आईचं तूप आणि माझं रक्त

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडे नियमच. आठवा लागला तशी मी डोंगरकडा गावाजवळच्या माहेरी आले आणि आईनं मला तुपात घोळायला घेतलं. खिचडीवर तूप, दुधात तूप, भाकरी तर तुपात बुडूनच यायची. तूप पोटात गेलं की लेकरू सुखानं सरकतं, असं तिचं ठाम म्हणणं. मी कुरकुरले की म्हणायची, "तुझ्यासाठी न्हाई, आत बसलंय त्याच्यासाठी खा." घरी म्हैस दुभती होती, त्यामुळे आईच्या मायेला आवर घालणारं कुणी नव्हतं.

पाय सुजले. जड अंगाला सूज यायचीच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, तेव्हा वडिलांनी जीप सांगितली आणि आम्ही हिंगोली गाठली. नव्वदचं दशक सरत आलं होतं, रस्ता मात्र होता तसाच होता.

डॉक्टरीणबाईंनी बीपी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मला लगेच आडवं केलं. रक्त तपासायला गेलं. आई तिथल्या खिडकीशीच उभी होती. तपासणाऱ्यानं यंत्रातून नळी काढली. खाली लाल, वर दुधासारखा पांढरा थर.

"हे पांढरं काय हो?" आईनं विचारलं.

"चरबी, मावशी. लई तूप चारलं काय पोरीला?" तो हसत म्हणाला.

आईनं दोन्ही हात पदराला पुसले.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. दिवस गेले की रक्तातली चरबी आपसूक वाढते, हिची जरा जास्त वाढली आहे. बीपी काही तुपानं चढलेलं नाही. पण या बीपीनं झटके आले तर हिला आणि बाळाला, दोघांनाही धोका आहे. आईच्या कानात यातलं फक्त शेवटचं शिरलं.

माझ्या खोलीत अंधार केला होता. उजेडानंही झटका येतो म्हणे. कमरेत दिलेलं इंजेक्शन आगीसारखं जळत होतं. आमच्या शेजारच्या तांड्यावरची एक गरोदर बाई असेच झटके येऊन गेली होती. बोट जरा हललं तरी वाटायचं, आला. मला भयंकर भीती वाटत होती आणि आई हवी होती. आई दाराबाहेर बसून राहिली. मी पाणी मागितलं तर ती नर्सला म्हणाली, "तुमीच पाजा बाई. माझ्या हातचं नगं." मला इतका राग आला! मरायला टेकलेल्या लेकीजवळ यायला हिला काय झालं? मग बाहेरून तिचं पुटपुटणं ऐकू आलं, "म्याच घातलं तिच्या रगतात." माझा राग पार विरघळला, आणि भीती दुप्पट झाली.

ऑपरेशन करून मुलगी काढली. एवढीशी, पण रडली.

नंतर कधीतरी माझी जीभ टाळूला चिकटली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता चमचाभर पाणी चालेल. नर्सनं आईला आत बोलावून वाटी-चमचा तिच्या हातात दिला. आईनं डॉक्टरीणबाईंकडे बघितलं.

"बाई, मी देऊ का? माझ्या हातानं?"

"अहो, तुम्ही आई ना तिच्या? द्या की."

आईनं चमचा माझ्या ओठांशी आणला, निम्मं पाणी माझ्या गळ्यावर सांडलं. उरलेलं मी गिळलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आता काय होतंय ते बघायला.

"आई," मी म्हटलं, "अजून दे."