त्लास्कालाचे सरदार आणि माझी सही

"आमच्या काकांकडे बघून कुणाला वाटेल का हो?"

मंडळाचा अध्यक्ष भर हॉलमध्ये माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या गणपतीत, आरती संपल्यावर. काय वाटेल, ते तो बोलला नाही. सगळ्यांना कळलं. लोक हसले. मीही हसलो.

माझी जात त्याला पहिल्यापासून माहीत होती. पहिल्या आरतीचा मान दर वर्षी मला मिळायचा, तो त्यासाठीच, असा मला संशय होता. मी तो कधी तपासला नाही. आरतीचं तबक हातात आलं की विचारायचं राहून जातं.

त्याच वर्षी मेघना नागपूरहून आली होती. आयटीतली, तिशीची. माझ्याच समाजाची, आणि ते लपवत नव्हती. तिने घरून मोदक करून आणले. कमिटीतल्या एका काकूंनी तो डबा प्रसादाच्या टेबलावरून उचलून चपलांच्या रॅकशेजारी ठेवला. मी बघत होतो.

"अगं, प्रसाद खूप झालाय," काकू म्हणाल्या.

त्यानंतर आलेले दोन डबे टेबलावर लागले. मेघनाने मंडळाला भेदभावाच्या तक्रारीची ईमेल केली.

अध्यक्ष माझ्या घरी आला. "काका, दोन ओळी लिहून द्या ना. तुमच्या शब्दाला वजन आहे."

मी लिहिलं, तीस वर्षांत मला इथे भेदभाव कधीच जाणवला नाही. खाली सही केली. पत्र सगळ्यांना फॉरवर्ड झालं. मेघना खोटारडी ठरली. पुन्हा आली नाही.

सात वर्षं झाली. यंदा लायब्ररीत आम्हा रिटायर्ड लोकांसाठी मेक्सिकोच्या इतिहासाचा वर्ग होता. बाईंनी त्लास्कालाच्या सरदारांबद्दल सांगितलं. मूळचे तिथलेच लोक. अ‍ॅझ्टेकांशी जुनं वैर, म्हणून स्पॅनिशांच्या बाजूने लढले. बदल्यात नावाआधी 'डॉन' हा स्पॅनिश मानाचा किताब लागला. स्वतःच्याच मुलखात घोड्यावर बसायची, तलवार बांधायची परवानगी मिळाली. पुढे त्यांनी स्पेनच्या राजाला दाखवायला कापडावर लढाया रंगवून घेतल्या. आम्ही तुमच्यासोबत होतो महाराज, विसरू नका. दिलेली वचनं तरीही एकेक करून मोडली गेली.

शेजारचे मराठी गृहस्थ पुटपुटले, "गद्दार साले."

मला त्यांचा राग आला. त्या सरदारांचं निदान वैर तरी होतं. मेघनाशी माझं काय वैर होतं?

घरी येऊन अध्यक्षाला फोन केला.

"काका, या वयात कशाला जुनं उकरताय?"

"ती सही मी परत घेतोय."

"लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"इतकी वर्षं काय म्हणत होते, ते मला माहीत आहे."

मेघनाला अजून लिहिलेलं नाही. माफी मागून मलाच हलकं वाटायला हवं असेल, असा माझा माझ्यावरच संशय आहे. आधी मंडळाची रविवारची सभा. माईक देणार नाहीत. जागेवरून बोलेन. माझी जात सांगेन. डबा कुणी उचलला, पत्र कुणी मागितलं, खोटं कुणी लिहिलं, तेही सांगेन. नावं घेऊन. सुरुवात माझ्या नावाने.