दोनदा कडी, तीन पावलं मागं

दाराची कडी ती दोनदाच वाजवायची. मग तीन पावलं मागं यायची, पायरी उतरून खाली रस्त्यावर उभी राहायची, कानामागची पेन्सिल काढायची आणि बंद दाराकडे बघत हसायची. दार उघडायच्या आधीच. बाकी आम्ही सगळे दाराला नाक लावून उभे असायचो.

दुसरी तिची खूण म्हणजे एक वाक्य. कोणी काहीही बोललं की ती म्हणायची, "बरं, लिहून घेते." बसचा कंडक्टर खेकसला, मेसच्या बाईने पोळी जळकी दिली, सरांनी वर्गात उठवून झापलं, तरी हेच. आणि खरंच लिहून घ्यायची. तिच्याजवळ दोनशे पानी वही होती आणि त्या वहीवर तिचा फार विश्वास होता.

आम्ही नागपूरच्या एका संस्थेत बाजार संशोधनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करत होतो. मी पांढुर्ण्याचा, संत्र्याचे बगीचे असलेल्या घरचा, पॅसेंजरने अपडाऊन करणारा. ती सौसरजवळच्या बोरगावची, बसने येणारी. तिची आई लोकांच्या बगीच्यात संत्र्याच्या तोड्याला जायची. ही पास झाली की नागपूरची एक सर्व्हे कंपनी तिला सुपरवायझर म्हणून घेणार, हे जवळपास ठरलं होतं. त्या दिवसापासून आईचं तोड्याला जाणं बंद, हे ती येताजाता सांगायची. "मायनं आतापासूनच कुरकुर लावली, घरी बसून मी करू काय म्हनते." एवढं सांगून ती खूश व्हायची.

दुसऱ्या वर्षी आमचं फील्डवर्क पांढुर्णा आणि सौसरला पडलं. कपडे धुण्याच्या साबणाचा सर्व्हे. हे काम तुम्ही कधी केलं नसेल तर थोडं सांगतो. सर एक ठिकाण नेमून देत. तिथून उजवा हात धरून चालायचं, वळण आलं की उजवीकडेच वळायचं, आणि दर पाचव्या घरात जायचं. पाचवं घर आवडलं नाही म्हणून सहाव्यात जायचं नाही. बाईला प्रश्न विचारायचे आणि शेवटी आत जाऊन, जिथे कपडे धुतात तिथे, साबण स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा. डोळ्यांनी पाहिला नाही तर फॉर्म अपुरा.

आमच्यातला एक हुशार मित्र स्टेशनसमोरच्या टपरीवर बसला आणि दोन दिवसांत त्याने तिथूनच, मनाने फॉर्म भरून, अर्ध्या पांढुर्ण्याचे कपडे धुऊन काढले. घरं त्याने मावश्या-आत्यांची टाकली, म्हणजे कोणी विचारायला गेलं तर "हो, आलता बापा" म्हणायला माणूस तयार. आम्ही त्याला टपरीवालाच म्हणू लागलो. त्याला पहिला वर्ग मिळाला. आज तो मोठ्या कंपनीत आहे आणि संस्थेच्या कार्यक्रमांत हार घालून घेतो.

ती मात्र उजवा हात धरून खरंच चालत राहिली. एकदा पाचव्या दाराला आखाडा आला. तिने कडी वाजवली, तीन पावलं मागे आली, आणि लंगोटातला पैलवान बाहेर आल्यावर त्यालाही साबण विचारला. शेऱ्यात लिहिलं, 'आखाडा. कपडे फारसे नाहीत.' आम्ही आठवडाभर हसलो. तीही हसली.

मग तिचा उजवा हात आमच्या भागात आला. आमच्या भागात म्हणजे बगीचेवाल्यांच्या, कापूसवाल्यांच्या गल्लीत. तिथल्या बाया वाईट नाहीत. आल्यागेल्याला चहा देतात. फक्त आधी विचारतात, "कोनाची व तू?"

ती सांगायची. गाव सांगायची, आडनाव सांगायची, आणि आडनावावरून कळलं नाही तर पुढे होऊन सांगायची, आम्ही बौद्ध. मग कुणाचा साबण नेमका तेव्हाच संपलेला असायचा, कुणाकडे पूजा असायची, कुणी काही न बोलता दार लोटायची.

आम्ही तिला शहाणपण शिकवलं. आडनाव बदलून सांग. सगळे सांगतात. चार तासांचा प्रश्न आहे, तुला कोण ओळखतं इथे. ती म्हणाली, "मंग जवाब कोनाले देतील त्या? मले का त्या आडनावाले?" टपरीवाला म्हणाला की साबणाला आडनाव नसतं. "बरं," ती म्हणाली, "लिहून घेते."

आता तिने काय केलं ते ऐका. नकार मिळाला की फॉर्मवर कारण नोंदवायचं असे. छापील चौकोन तीन. घरी नाही, वेळ नाही, इच्छा नाही. एकावर खूण करायची आणि पुढे जायचं. तिने पट्टी घेतली आणि प्रत्येक फॉर्मवर त्या तिन्हींच्या खाली चौथा चौकोन आखला. अगदी त्याच मापाचा. समोर लिहिलं, 'जात विचारली', आणि आत खूण केली. खाली एकेक ओळ. 'आडनाव विचारले. सांगितले. म्हणाल्या, साबण संपला.' 'पाणी मागितले. वरून ओतले. माहिती दिली नाही.' अशी चौदा घरं.

सर फॉर्म बघून लाल झाले. कंपनीचे फॉर्म खराब केले, म्हणाले. मोजणीच्या मशीनच्या कार्डावर त्या प्रश्नाला तीनच छिद्रं आहेत, चौथं कुठे पाडू? ती म्हणाली, "पन कारन तर चौथंच होतं, सर." सर म्हणाले, "कारण जे असेल ते असो. फॉर्मात आहे का?"

एवढे नकार एकाच मुलीला कसे, म्हणून फेरतपासणी निघाली. आम्ही तिला बॅकचेक म्हणायचो. दुसऱ्याने त्याच घरी जायचं आणि पहिला खरंच आला होता का ते पाहायचं. काम माझ्याकडे आलं. गाव माझं होतं ना. शिवाय मी वर्गात प्रामाणिक म्हणून ओळखला जायचो. जातीच्या विरोधात पत्रकं लिहून, छापून, स्टेशनवर वाटायचो. ती मला 'पत्रकवाले भाऊ' म्हणायची. त्यात टोमणा होता, आणि थोडा विश्वासही होता.

चौदाही घरी मी गेलो. कुठेही कडी वाजवावी लागली नाही. अरे, अमक्याचा पोरगा, ये ना बाबू. चहा झाला, चिवडा झाला. न विचारता मला मागच्या अंगणात नेऊन साबण दाखवला. एका घरी तर धुणं दगडावरून बाजूला सारून वडीचं वेष्टन शोधून दिलं.

तिसऱ्या का चौथ्या घरच्या काकू म्हणाल्या, "ती पोट्टी आलती तशी. चांगली बोलत होती. पन आत कशी घेऊ सांग? तुज्या मायनं घेतली असती का?"

मी चहाचा घोट घेतला. त्यांच्या हातात मी जाताना एक पत्रक दिलं. दर घरी देत होतो. माणूस जन्माने लहान-मोठा नसतो, असं त्यावर ठळक अक्षरात होतं. काकूंनी ते हौसेने घेतलं आणि त्याच्यावरच मला वाटेसाठी दोन लाडू बांधून दिले. मी लाडू खाल्ले.

तपासणीच्या कागदावर प्रश्न दोन. मुलाखत झाली का? मी लिहिलं, नाही. घर सहकार्य करते का? मी लिहिलं, होय. दोन्ही खरं. खाली 'शेरा' म्हणून अर्धी ओळ मोकळी होती. ती चौदाही कागदांवर मी मोकळी सोडली. कारण विचाराल तर आज मला बरीच सांगता येतात. काकू आईच्या मैत्रीण होत्या. गल्लीत चर्चा झाली असती. सरांनी विचारलंच नाही तर बरं, असंही वाटत होतं. यातलं एकही कारण त्या तीन चौकोनांत बसत नाही, चौथ्यात मात्र नीट बसतं.

सरांनी दोन्ही गठ्ठे वर्गात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तिच्या कागदावर नकार, माझ्या कागदावर त्याच घरचं सहकार्य. याचा अर्थ या बाई तिथे गेल्याच नाहीत, सर तिच्याकडे बघून म्हणाले. घरी बसून नकार भरले आणि वर जातीचं निमित्त केलं.

"मी गेली होती," ती म्हणाली. मग माझ्याकडे बोट केलं. आवाज चढवला नाही. "याले विचारा. याले सांगितलं असंन त्या बायांनी."

सरांनी मला उभं केलं. ही आली होती असं कोणी सांगितलं का, एवढाच प्रश्न होता. मी म्हणालो, "मुलाखत झाली नाही, असं सगळ्यांनी सांगितलं, सर."

मागच्या बाकावरून टपरीवाला हसला. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला राग आलेला मला दिसला असता तर बरं झालं असतं. एखादं गणित चुकलं म्हणून परत पाहावं, तशी ती पाहत होती. मग तिने वही उघडली आणि हळूच म्हणाली, "बरं. लिहून घेते."

फील्डवर्कमध्ये शून्य. तोंडी परीक्षेला बसू दिलं नाही. त्या सर्व्हे कंपनीने तिची जागा टपरीवाल्याला दिली. साबणाच्या अहवालात आमच्या गल्लीबद्दल एक ओळ आली. इथल्या गृहिणी माहिती देण्यास उत्सुक असतात. तो अहवाल संस्थेत काचेच्या कपाटात ठेवला आहे. मी त्याच्या शेजारून अनेकदा गेलो.

दोन वर्षांनी ती मला सौसरला दिसली, संत्र्याच्या आडतीत. जमिनीवर फळांचे ढीग होते आणि बाया लहान-मोठं फळ निवडून पेट्या भरत होत्या. तिच्या एका बाजूला तिची आई बसली होती. म्हणजे आईचं काम सुटलं नव्हतं, आणि आता दोघी होत्या. ती न पाहता हाताच्या मापाने फळ निवडत होती. वेगात तिचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं.

मी समोर जाऊन उभा राहिलो. बरेच दिवस मनात घोळवलेलं माफीचं भाषण होतं, त्याची चार वाक्यं बोललो. ती म्हणाली, "तुमी खोटं कुठं लिवलं? खोटं लिवलं असतं तर मी धरलं असतं तुमाले."

मग मी मूर्खासारखं भलतंच विचारलं. तू तीन पावलं मागे का यायचीस?

आईचा हात क्षणभर थांबला. ती मात्र फळं टाकत राहिली. "मायनं शिकवलं. मालकाच्या दारी गेलं का कडी वाजवाची अन् पायरीखाली येऊन उभं राहाचं. सावली उंबरठ्यावर नाही पडली पायजे. मी लहान होती तवाचं ते. कालेजात गेली, मंग म्हनलं आता नाही मागं याचं. पन कडी वाजवली का पाय आपले आपलेच जाऊन राहिले मागं. मंग हसाले लागली मी. म्हनलं, मागं तर आलीच हाओ, रडत कायले उभं राहाचं."

"मला माफ कर," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. पुढचे दोन शब्द ती म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. तिने एक दबलेलं संत्रं बाजूच्या ढिगावर टाकलं आणि आडत्याने हाक मारली म्हणून उठून गेली. पुढच्या हंगामात ती तिथे नव्हती. आईही नव्हती. बोरगावात कोणी म्हणालं भिलाईकडे गेल्या, कोणी म्हणालं अमरावतीकडे. त्यांच्या घराची कडी मी दोनदा वाजवली. तिला कुलूप होतं.

गेल्या वर्षी संस्थेने नव्या बॅचचं फील्डवर्क पुन्हा पांढुर्ण्यात ठेवलं, आणि त्याच वेळी आम्हा जुन्या विद्यार्थ्यांचं संमेलनही. माजी विद्यार्थ्यांची यादी वाटली. तिचं नाव त्यात नाही, कारण ती पास झाली नाही. टपरीवाल्याने हार घालून घेतला. तिच्या आखाड्याचा किस्सा त्याने स्वतःचा म्हणून सांगितला आणि हॉल हसून लोळला.

मग सर उठले. दार कसं वाजवायचं ते नव्या मुलांना दाखवू लागले. टेबलावर दोनदा टकटक केलं आणि मोजून तीन पावलं मागे आले. "पायरी उतरायची. हसायचं. उघडणाऱ्याला दडपण वाटता कामा नये. हे आपल्या संस्थेचं तंत्र आहे. आता मोठ्या कंपन्याही हेच शिकवतात."

मी उभा राहिलो. ही रीत कोणाची ते सांगितलं. तुम्ही नापास केलेल्या आणि मी बुडवलेल्या मुलीची, म्हणालो. पायरी का उतरायची, सावलीचं काय, तेही सांगितलं. काकूंचा चहा सांगितला, लाडू सांगितले. इतक्या वर्षांची ती मोकळी अर्धी ओळ मी त्या हॉलमध्ये भरली.  मला वाटलं, आता काहीतरी होईल.

"वा," सर म्हणाले. "अनुभवातून आलेलं ज्ञान ते हे." मग मुलांकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या."

आणि मुलांनी लिहून घेतलं.

दुपारी नवी बॅच गल्लीत शिरली. मी कोपऱ्यावर उभा होतो. सावळी, सडपातळ, खांद्यावर नवी कोरी झोळी, अशी एक मुलगी उजवा हात धरून पाचव्या दाराशी आली. तेच काकूंचं घर. तिने कडी दोनदा वाजवली. एक, दोन, तीन, पायरी उतरून खाली आली आणि शिकवल्यासारखी हसली.

दार उघडलं. काकू आता थकल्या आहेत, त्यांनी चौकटीला धरून वाकून पाहिलं.

"कोनाची व तू?"