शहनाईची अर्धी मींड

आमच्या सक्करदऱ्याच्या ऑर्केस्ट्रात सुरांचा जाणकार मीच. निदान माझा तोरा तसा होता. डिजिटल गिटार घेतल्यावर तर विचारूच नका. तार छेडायची अन् स्पीकरमधून शहनाई काढायची! त्या दिवशी तालमीत खालच्या सुरावरून वरच्यावर सरकत जायची मींड घ्यायला मी तार पुरती ओढली, पण शहनाई खालीच राहिली. आमची गायिका मात्र नेमक्या सुरावर पोचली होती. दोन्ही सूर एकमेकांना घासले.

"बाई, सूर चढून राहिला तुमचा," ऑर्केस्ट्राचे प्रमुख म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शहाण्यासारखी मान हलवली. प्रमुखांनी तिला ऑर्केस्ट्रातून काढून घरी बसवलं.

त्याच संध्याकाळी मी गिटारला शहनाईच्या डब्याशी जोडणारं मिडी सेटिंग उघडलं. सूर किती ओढायचा, तो आकडा गिटारवर बारा, आवाज काढणाऱ्या डब्यावर दोन. दोन्हीकडे सारखा लागतो, नाहीतर मींड अर्ध्यातच राहते, एवढंही या जाणकाराला सुचलं नव्हतं. मी तो बदलला आणि गप्प बसलो. चांगला महिनाभर.

शेवटी तिच्या दारात जाऊन सांगितलं. ती हसली, पण ते हसू माझ्या तोंडावर मारल्यासारखं.

"मशीन त्याच दिवशी सुधरवली ना भाऊ? अन् मले महिनाभर बेसूर ठेवलं. आता माझ्या कानात काहून सांगता? तालमीत सांगा, सगळ्यायसमोर."

तिला सोबत नेऊन तालमीत सगळ्यांसमोर सांगितलं. "मशीनचं काय गा, होते असं," म्हणत प्रमुखांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. तिनं माइक स्वतःच ओढून घेतला.

"चला, त्याच गाण्यापासून."